आयर्लंडच्या गावातली बांधावरची भांडणं: पेटी सेशन्सची जुनी रजिस्टरं कशी वाचायची

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशी पार केलेले. मी कामानिमित्त आयर्लंडच्या पश्चिमेला आलो तेव्हापासून आमचं छान जमतं. एकदा म्हणाले की माझ्या पणजोबांचं नाव जुन्या कोर्टाच्या वहीत आहे असं घरात बोलायचे, तेवढं बघून दे ना. मी ऑनलाइन शोधलं आणि एक ओळ सापडली, की यांची कालवड शेजाऱ्याच्या ओटच्या पिकात घुसली म्हणून दंड. बस, एवढंच. आजोबांचा चेहरा पडला आणि मलाही वाईट वाटलं. पण मग मी तीच दोन नावं धरून पुढची-मागची पानं चाळत गेलो तर तीन वर्षांत मिळून सात ओळी निघाल्या आणि त्या एकापुढे एक ठेवल्यावर अख्खं भांडण समोर उभं राहिलं. तेव्हापासून मी इतर ओळखीच्यांनाही मदत करतो, आणि सगळे सुरुवातीला तीच चूक करतात जी मी केली, म्हणजे एक ओळ वाचून थांबतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हे कोर्ट काय होतं ते समजून घ्या. पेटी सेशन्स म्हणजे सगळ्यात खालचं कोर्ट, गावाजवळच्या छोट्या टाउनमध्ये आठवड्याला, पंधरवड्याला नाहीतर महिन्याला भरायचं. १८२७ च्या कायद्याने त्याला रीतसर रूप आलं आणि १८५१ च्या कायद्याने कामाची पद्धत पक्की झाली, त्यामुळे हाताला लागणारी बहुतेक रजिस्टरं १८५० नंतरचीच असतात. वर क्वार्टर सेशन्स आणि त्याच्याही वर असाइझेस, खून-दरोडे तिकडे जायचे. पेटी सेशन्सला बसणारे जस्टिस ऑफ द पीस बिनपगारी असायचे, बरेचसे जमीनदार, म्हणजे ज्याची जमीन कसतो तोच समोर न्यायाला बसलाय असंही व्हायचं, आणि त्यांच्या जोडीला सरकारचा पगारी रेसिडेंट मॅजिस्ट्रेट. हे डोक्यात ठेवूनच निकाल वाचायचा.

आणि ही रजिस्टरं इतकी मोलाची का, तर ३० जून १९२२ ला डब्लिनमध्ये फोर कोर्ट्सच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस यादवी युद्धात जळालं आणि त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद गेले. १८६१ ते १८९१ च्या जनगणनेचे कागद तर सरकारनेच आधी नष्ट केले होते. म्हणजे साध्या शेतकऱ्याचं, मजुराचं, विधवा बाईचं नाव ज्या कागदांवर होतं ते जवळपास संपलंच. पेटी सेशन्सच्या बऱ्याच वह्या मात्र गावोगावच्या कोर्टांत पडून होत्या म्हणून वाचल्या. आज मूळ वह्या डब्लिनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्यांच्या स्कॅन कॉप्या फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर पैसे भरून बघता येतात. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटींसाठी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) बेलफास्टचं प्रोनी, म्हणजे तिथलं सरकारी अभिलेखागार, बघायचं.

आता प्रत्यक्ष पान उघडा. कॉलम असतात, केस नंबर, तारीख, फिर्यादीचं नाव, आरोपीचं नाव, साक्षीदार, तक्रार काय, आणि शेवटी हुकूम, दंड, खर्च, दंड भरायची मुदत आणि नाही भरला तर किती दिवस तुरुंग. पहिली नजर फिर्यादीच्या कॉलमवर टाका. तिथे कॉन्स्टेबल किंवा सार्जंट लिहिलं असेल तर ती शेजाऱ्यांची केस नाही, ती पोलिसांची रोजची वसुली आहे. दारू पिऊन रस्त्यात पडणं, डुक्कर किंवा गाढव सार्वजनिक रस्त्यावर मोकळं सोडणं, रात्री गाडीला कंदील नाही, गाडीवर मालकाचं नाव रंगवलेलं नाही, असल्या केसेसनी पानंच्या पानं भरलेली असतात. त्या सोडून पुढे जा. फिर्यादीच्या जागी साधं नाव असलं की थांबा, तिथे दोन घरं समोरासमोर उभी आहेत.

दंडाचे आकडे बघून फसू नका. २० शिलिंगचा एक पाउंड, १२ पेन्सचा एक शिलिंग. शेतमजुराला दिवसाला एक शिलिंगच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमीच मिळायचं. तेव्हा ५ शिलिंग दंड आणि वर १ शिलिंग ६ पेन्स खर्च (हा खर्चाचा आकडा सारखा सारखा दिसतो) म्हणजे माणसाचा आठवडा गेला. उलट बाजूने, समन्स काढायला त्या मानाने फार पैसे लागत नव्हते, म्हणूनच गरीब माणूसही हौसेने कोर्टात जायचा. कोर्टात खेचणं हा भांडणाचाच एक डाव होता, जसा आपल्याकडे कोणी पोलीस स्टेशनला जाऊन एनसी टाकून येतो तसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कळायला बराच वेळ लागला. जमीन कोणाची, वाट कोणाची, बांध नेमका कुठून जातो, हे ठरवायचा अधिकार पेटी सेशन्सला नव्हताच. समोरच्याने उभं राहून सांगितलं की साहेब ती जागा माझ्याच वहिवाटीची आहे, आणि त्यात तथ्य दिसलं, की मॅजिस्ट्रेटचे हात बांधले जायचे आणि हुकमाच्या कॉलममध्ये टायटल असा शब्द टाकून केस काढून टाकायचे. त्यामुळे झालं काय, की खरं भांडण ज्याच्यावरून आहे ते रजिस्टरमध्ये कधी येतच नाही, येतं ते त्याचं बाहेरचं रूप, जनावर घुसलं, शिव्या दिल्या, कुदळीने मारलं, गेट तोडलं. म्हणून हुकमाच्या कॉलममध्ये टायटल शब्द दिसला की खूण करून ठेवा, अख्ख्या वहीतली ती सगळ्यात बोलकी जागा, कारण तिथून पुढे मागे तुम्हाला वाटेचं किंवा बांधाचं भांडण शोधायचंय हे नक्की झालं. आमच्या आजोबांच्या सात ओळींमधली तिसरी ओळ अशीच होती.

भांडणं एवढी का व्हायची हे कळायला रनडेल माहीत हवं. पश्चिमेकडे, मेयो, गॉलवे, डोनेगलमध्ये, बऱ्याच गावांत जमीन सामाईक धरलेली असायची आणि प्रत्येकाच्या वाट्याला चांगली, मध्यम, खराब अशी सगळी माती यावी म्हणून पट्ट्या पाडलेल्या, इथे एक तुकडा तिथे एक तुकडा, आणि मध्ये कुंपण नाही. पीक निघालं की सगळी जमीन सगळ्यांच्या गुरांना मोकळी. आता एकाने बटाटा उशिरा काढला आणि दुसऱ्याने गुरं लवकर सोडली की झालं. डोनेगलच्या ग्वीडोरमध्ये १८३८ पासून जमीन घेणाऱ्या लॉर्ड जॉर्ज हिलने लिहून ठेवलंय की तिथे अर्ध्या एकराच्या एका शेतात २६ जणांचा वाटा होता. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे! वीस गुंठ्यांत सव्वीस जण म्हटल्यावर ज्याने भाऊबंदकी जवळून पाहिली आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. पुढे पट्ट्या एकत्र करून सलग शेतं पाडली गेली, १८९१ नंतर कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डानेही ते काम केलं, पण नवीन बांध पडला की नवीन भांडण पण येतंच. शिवाय बॉगमधलं, म्हणजे दलदलीतलं, पीट (जळणाची माती) कापायचा हक्क, समुद्राकाठी खताला लागणारं शेवाळ गोळा करायचा हक्क, विहिरीकडे जायची वाट, हे सगळं असायचंच.

म्हणून तारीख बघताना ऋतू बघा. रजिस्टरमध्ये तक्रारीच्या मजकुरातच घटनेची तारीख आणि टाउनलँडचं (म्हणजे जमिनीच्या सगळ्यात छोट्या विभागाचं) नाव बहुतेक वेळा असतं, ती तारीख सुनावणीच्या तारखेपेक्षा वेगळी, आणि तुम्हाला घटनेचीच तारीख हवी. मे-जूनमध्ये घुसखोरी असेल तर उभं पीक किंवा राखलेलं गवत, वसंतात मारामारी असेल तर पीट कापायच्या जागेचा वाद असू शकतो. मोकाट जनावर पकडून पाउंडात घालायचे, म्हणजे आपला कोंडवाडाच, आणि इंग्रजांनी आपल्याकडे १८७१ ला जो कॅटल ट्रेसपास कायदा आणला त्यातही हीच कल्पना आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा भाग पटकन समजतो. पाउंडाकडे नेताना वाटेत मालकाने जनावर हिसकावून नेलं तर तो वेगळा गुन्हा, आणि अशी केस दिसली तर आधीची घुसखोरी कुठेतरी असणारच, मागची पानं बघा.

आता नावं कशी धरायची. कधीही एका नावाने शोधू नका, दोन्ही नावांनी शोधा, आणि बाजू उलटून पण शोधा. समजा पॅटने जॉनवर मारहाणीची केस केली, तर खालच्याच ओळीत जॉनने पॅटवर केलेली सापडायची शक्यता खूप. ही क्रॉस केस. अशा वेळी मॅजिस्ट्रेट बऱ्याचदा दोघांनाही शांतता राखायच्या बाँडवर सोडायचे, जामीनदार घेऊन, आपल्याकडे ज्याला चॅप्टर केस म्हणतात तसंच. जामीनदारांची नावं कुठे मिळाली तर सोडू नका, ते मेव्हणे नाहीतर सासरे निघतात. साक्षीदारांचा कॉलम पण वाचा, कोण कोणाच्या बाजूने उभं राहिलं यावरून गावातले गट कळतात. बायकांची नावं तर खास बघा, शिवीगाळीच्या केसेसमध्ये त्या फिर्यादी म्हणूनही भरपूर येतात आणि एरवी त्यांचं नाव कुठल्या कागदावर येत नाही.

नो अपिअरन्स म्हणजे कोणी आलंच नाही. हे निकालाइतकंच महत्त्वाचं, कारण कोर्टाच्या दारात पोचायच्या आधी कोणीतरी मध्ये पडलं, पाद्री, घरातला मोठा, जमीनदाराचा एजंट, आणि मिटवलं असू शकतं. डिसमिस्ड विदाउट प्रेज्युडिस असेल तर तीच केस परत आणता येते, तेव्हा पुढचे काही महिने नक्की चाळा.

एकाच गावात एकाच नावाचे चार जण, हा सगळ्यात मोठा त्रास. क्लार्क कधी बापाचं नाव जोडतो तर कधी टोपणनाव, आणि ओ'सुलिव्हनचा नुसता सुलिव्हन होतो, म्हणून ओ लावून आणि न लावून दोन्ही शोधा. नक्की कोण ते ठरवायला १८४७ ते १८६४ मधलं ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, म्हणजे करासाठी केलेली जमिनीची मोजणी, बघा, त्यात टाउनलँडप्रमाणे कोणाकडे किती जमीन आणि मालक कोण ते आहे, नकाशासकट, फुकट. दोन भांडणाऱ्यांचे प्लॉट नकाशावर लागून निघाले की अर्धं काम झालं. नंतरच्या पिढीसाठी १९०१ आणि १९११ ची जनगणना, ती पण फुकट. आणि एक कोणाला सुचत नाही ती गोष्ट, कुत्र्यांची लायसन्स! १८६५ च्या कायद्याने १८६६ पासून प्रत्येक कुत्र्यामागे २ शिलिंग आणि वर ६ पेन्स भरावे लागायचे, पैसे घ्यायचा तो पेटी सेशन्सचाच क्लार्क, आणि त्या वहीत मालकाचं नाव, टाउनलँड, कुत्र्याचा रंग आणि जात. चार पॅट्रिकांपैकी आपला कोणता ते मला एकदा तपकिरी मेंढपाळ कुत्र्यावरून कळलं.

वर्तमानपत्रं पण बघा, कॅसलबारचा कॉनॉट टेलिग्राफ किंवा तिकडे दक्षिणेला स्किबरीन ईगल यांसारखी स्थानिक पत्रं. पेटी सेशन्सच्या बातम्यांत कधी कधी सवाल-जवाब छापलेले असतात जे रजिस्टरमध्ये नाहीत. फक्त एक काळजी घ्या, बातमीदार गावकऱ्यांची बोली मुद्दाम वेडीवाकडी लिहायचे, वाचकांना हसवायला. ते हसू बाजूला ठेवून वाचा. कोर्ट इंग्रजीत चालायचं आणि पश्चिमेतल्या किती तरी लोकांना फक्त आयरिश यायची, दुभाषा सांगेल तेच साहेबांपर्यंत. याची किंमत किती मोठी असू शकते ते मामट्रास्नाच्या खून खटल्यात दिसलं, मायल्स जॉइस नावाचा माणूस इंग्रजी येत नसताना इंग्रजीत चाललेल्या खटल्यात दोषी ठरला आणि १५ डिसेंबर १८८२ ला गॉलवेत फासावर गेला, आणि २०१८ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. तो मोठा खटला होता, पण छोट्या कोर्टात असा न समजलेला माणूस किती वेळा उभा राहिला असेल याचा विचार ओळी वाचताना माझ्या मनातून जात नाही. म्हणून आरोपी गप्प राहिला असं बातमीत दिसलं तर तो कबूल झाला असं धरू नका.

शेवटचं काम म्हणजे घरच्यांना सांगणं, आणि ते घाईने करू नका. सगळ्या ओळी घटनेच्या तारखेप्रमाणे एका कागदावर लिहा, शेजारी नकाशा लावा आणि मगच दाखवा. नुसती मारहाणीची ओळ दाखवली तर समोरच्याला वाटतं आपले पणजोबा गुंड होते. मी आजोबांना सातही ओळी आणि दोन प्लॉटमधून जाणारी ती वाट दाखवली, सहावी ओळ त्यांच्या पणजोबांनी शेजाऱ्याला मारल्याची होती, सातवी नो अपिअरन्स. बराच वेळ ते नकाशावर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, या पलीकडच्या घरातली माणसं अजून तिथेच आहेत, माझं त्यांच्याशी बोलणं-चालणं आहे, पण हे त्यांना माहीत नसणार. आणि मला प्रिंटच्या दोन कॉप्या काढायला सांगितल्या.