लायसन्स मुक्त आहे की नुसतंच फुकट, हे कसं ओळखायचं

एखाद्या सॉफ्टवेअरबद्दल 'सोर्स कोड दिसतोय ना, मग ओपन सोर्सच, म्हणजे मुक्तच' असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, दिसणं वेगळं आणि तो वापरण्या-बदलण्याचा हक्क मिळणं वेगळं. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेत, त्यांचा गोंधळ समजू शकतो. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन स्वच्छ शब्द असताना आपण तो गोंधळ उसना का घ्यावा?

सुरुवात कोडसोबतच्या लायसन्सच्या, म्हणजे वापराच्या परवान्याच्या, फाइलपासून करा. रीडमी या ओळख करून देणाऱ्या फाइलमधली ओळ किंवा पानावरचा रंगीत बिल्ला यांच्यावर विसंबू नका. फाइलच नसेल तर विषय तिथेच संपला. लायसन्स नाही याचा अर्थ 'काहीही करा' असा नसून 'सर्व हक्क लेखकाकडे' असा होतो.

लायसन्सचं नाव ओळखीचं असेल (एमआयटी, अपाचे २.०, तीन कलमी बीएसडी, जीपीएल, एमपीएल २.०) तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या मुक्त सॉफ्टवेअरचे निकष ठरवणाऱ्या दोन संस्थांच्या याद्यांत ते सापडेलच. पण नावावर थांबू नका. मूळ मजकूर शेजारी ठेवून डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक, काढा, दोन मिनिटं लागतात. मी एकदा ती वाचवली. एका लायब्ररीची (आपल्या प्रोग्रामला जोडायच्या तयार कोडची) फाइल एमआयटीच्या नेहमीच्या मजकुराने सुरू होत होती, म्हणून वरच्या चार ओळी बघून मी बंद केली. काही महिन्यांनी ग्राहकाच्या वकिलाने त्याच फाइलचा शेवटचा परिच्छेद माझ्यापुढे ठेवला: व्यावसायिक वापरासाठी लेखी परवानगी आवश्यक. तोवर ती लायब्ररी कोडमध्ये इतकी रुतली होती की उपटून काढण्यात दोन शनिवार-रविवार गेले.

नाव अनोळखी असेल तर चार स्वातंत्र्यं तपासा. प्रोग्राम कोणत्याही कारणासाठी चालवता येतो का, तो अभ्यासून बदलता येतो का, त्याच्या प्रती वाटता येतात का आणि बदललेली आवृत्ती वाटता येते का. सोर्स कोड मिळत नसेल तर दुसरं आणि चौथं नुसतं कागदावर राहतं. प्रत विकायला मनाई असेल तरी लायसन्स बाद.

इथवर कोणीही येतो. खरी मेख पुढे आहे: लायसन्समधली कोणती अट चालते आणि कोणती चालत नाही?

मी यात बरेच दिवस अडकलो होतो. मुक्त म्हणजे बिनशर्त, अशी माझी समजूत. त्यामुळे अटींनी भरलेलं जीपीएल मला बंदिस्त वाटायचं आणि 'अव्यावसायिक वापरासाठी खुलं' असं सौम्य वाक्य लिहिलेलं लायसन्स मोकळं वाटायचं. दोन्ही निष्कर्ष नेमके उलटे.

अटी किती आहेत हे मोजू नका. प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारा: ही लागू कधी होते? जीपीएलची मुख्य अट वाटप करताना लागू होते. तुम्ही घेतलेला कोड बदलून घरात किंवा कंपनीच्या आत वापरलात तर कोणालाही काही दाखवावं लागत नाही. प्रोग्राम दुसऱ्याला दिलात की सोर्स आणि तेच हक्क त्यालाही द्यायचे. म्हणजे अट पुढच्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठी आहे. जीपीएलचं सॉफ्टवेअर विकताही येतं. 'धंद्यात जीपीएल चालत नाही' असा सल्ला देणाऱ्याने ते वाचलेलं नसतं, एवढं धरून चला.

याउलट अट प्रोग्राम चालवतानाच आडवी येत असेल, म्हणजे कोणी चालवायचा, कशासाठी, किती पैसे मिळवणाऱ्याने, तर लायसन्स मुक्त नाही. हेतू कितीही उदात्त असो. जेसन या डेटा लिहायच्या पद्धतीसाठीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या लायसन्समध्ये 'हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी नाही' अशा अर्थाचं वाक्य आहे. लोक त्यावर हसतात, पण फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने याच वाक्यापायी ते अमुक्त ठरवलं. वाईट काय हे ठरवणार कोण? ओपन सोर्सच्या व्याख्येतलं पाचवं कलम व्यक्ती आणि गटांमध्ये भेदभाव नको म्हणतं, सहावं कामाच्या क्षेत्रांमध्ये. 'फक्त शिक्षणासाठी', 'लष्कराला मनाई' हे सगळं तिथे गळतं.

कुंपणावरच्या अटींसाठी डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची निर्जन बेटाची कसोटी मला फार आवडते. एक माणूस संगणकासह बेटावर अडकलाय, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. लायसन्स पाळून तो कोड बदलून सोबत्याला देऊ शकतो का? 'प्रत्येक बदल मूळ लेखकाला पाठवावा' अशी सक्ती असेल तर नाही देऊ शकत, म्हणून ते नापास.

सगळ्यात जास्त फसवतात ती मधली लायसन्स. एजीपीएल या जीपीएलच्या नेटवर्कसाठीच्या रूपात तुम्ही बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरणाऱ्यांना त्या प्रोग्रामचा सोर्स द्यावा लागतो. ते मुक्तच. २०१८ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने आणलेलं एसएसपीएल हे लायसन्स वरवर त्याचंच भावंड वाटतं, पण तो प्रोग्राम सेवा म्हणून पुरवलात तर बॅकअपपासून देखरेखीपर्यंत ती सेवा चालवायला लागणारी सगळी सॉफ्टवेअरही उघडी करायला सांगतं. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ते ओपन सोर्स नसल्याचं स्पष्ट म्हटलंय, आणि माझंही मत तेच. बिझनेस सोर्स लायसन्स तर ठरलेल्या तारखेला, जास्तीत जास्त चार वर्षांनी, मुक्त होतं. तोवर ते मुक्त नाही, 'होणार आहे' याला आज किंमत शून्य.

शेवटी आवृत्ती बघा. लायसन्स प्रकल्पाच्या नावाला नाही, आवृत्तीला चिकटलेलं असतं. टेराफॉर्म हे सर्व्हर वगैरे उभारायचं साधन ऑगस्ट २०२३ पर्यंत एमपीएल २.० खाली होतं, मग बिझनेस सोर्सवर गेलं. आधीच्या आवृत्त्या एमपीएलखालीच राहिल्या आणि त्यांतूनच ओपनटोफू ही त्याची मुक्त शाखा निघाली. म्हणून कोड घेतलात त्या दिवशीची लायसन्सची फाइल आणि कमिटचा (कोडच्या त्या नोंदीचा) क्रमांक आपल्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवून द्या, आणि आवृत्ती वाढवताना डिफ पुन्हा काढा.