कोथिंबीर की चिंच? ॲनिमेतला क्रूस कसा बघायचा

रविवारच्या मिस्सेनंतर मी नववी-दहावीच्या पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. आमचं गाव वसईतलं. गेल्या पावसाळ्यात एका मुलाची आई मोबाइल नाचवतच वर्गात आली. पडद्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका. भलामोठा रोबो, स्फोट झाला की आभाळभर क्रूसाच्या आकाराचा उजेड. "टीचर, हे सैतानाचंच ना? बंद करायला सांगा याला."

मी ती मालिका पाहिलेली नव्हती. तरी अक्कल पाजळलीच. हा तारणाचा क्रूस, यात बलिदान सुचवलंय, असं बरंच काही. मागच्या बाकावरून एक पोरगा हळूच म्हणाला, "टीचर, बनवणाऱ्यांनीच सांगितलंय, दिसायला भारी वाटलं म्हणून घातलंय."

घरी येऊन शोधलं. पोरगा बरोबर होता. मालिका 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन', १९९५ ची, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. त्यांचे सहायक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी नंतर मोकळेपणी सांगितलंय की रोबोंच्या मालिका जपानमध्ये ढिगाने असतात, त्यात आपली वेगळी दिसावी म्हणून ही चिन्हं घेतली. बनवणाऱ्यांत कुणी ख्रिस्ती नव्हतं, आणि ख्रिस्ती अर्थही त्यांच्या मनात नव्हता. जपानमध्ये ख्रिस्ती माणसं शंभरात जेमतेम एक. तिथल्या प्रेक्षकाला क्रूस गूढ वाटतो, लांबच्या देशाचा वाटतो. माझ्या भाच्याच्या टीशर्टावर जपानी अक्षरं आहेत, ती घरात कुणाला वाचता येतात?

त्या दिवसापासून मी एक परीक्षा लावते. एपिसोड संपला की त्यातले क्रूस, पंख, डोक्यावरची वलयं मनातल्या मनात काढून टाका आणि गोष्ट परत सांगून बघा. माशाच्या कालवणावरची कोथिंबीर काढली तरी कालवण तेच राहतं. चिंच काढली तर ते कालवणच राहत नाही. इव्हँजेलियनमधले क्रूसाचे स्फोट नुसते गोल केले तर नायक शिंजीचं आणि त्याच्या बापाचं भांडण तसूभरही बदलत नाही. म्हणजे कोथिंबीर. वहीत दोन रकाने आखा, 'दिसलं काय' आणि 'त्याने घडलं काय'. दुसरा रकाना कोरा राहिला तर उगाच भरू नका.

पण कोथिंबीर म्हटली म्हणून बघायचीच नाही, असंही नाही. दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली, मूळ जपानी शब्द. या मालिकेतल्या शत्रूंना इंग्रजी सबटायटल 'एंजल' म्हणतं, म्हणून आपण देवदूत समजून बसतो. जपानीत ते 'शितो' आहेत, आणि येशूच्या बारा प्रेषितांना जपानी बायबलात हाच शब्द आहे. नावं मात्र साकिएल, रामिएल अशी, देवदूतांच्या वळणाची. म्हणजे घोटाळा मुळातच आहे. सबटायटलवर प्रवचन उभारलं की माझ्यासारखी फजिती होते.

दुसरी, हे बायबलात आहे का? नुसतं आठवू नका, पुस्तक उघडा. मालिकेत तीन महासंगणक आहेत, त्यांचं मिळून नाव 'मागी'. आपल्या मराठी बायबलात मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात हाच शब्द आहे, पूर्वेकडून आलेले मागी लोक. पण मेल्किओर, बाल्थासार, कास्पर ही नावं मत्तयने दिलेली नाहीत. ते तीन होते असंही तो म्हणत नाही. नाताळच्या गोठ्यात आपण तीन राजे मांडतो ते परंपरेने. मालिकेतल्या लाँगिनसच्या भाल्याचं तसंच. योहान १९:३४ मध्ये एक शिपाई येशूच्या कुशीत भाला भोसकतो, पण त्याचं नाव येत नाही. आणि मालिकेतली लिलिथ उत्पत्तीच्या पुस्तकात नाहीच, ती यहुदी दंतकथांतली. यावर आमच्या वर्गात दोन रविवार गेले. पोरांनी इतकं बायबल परीक्षेसाठीही उघडलं नव्हतं.

क्रूसवाला माणूस ॲनिमेत एवढ्यांदा खलनायकच का, हे पोरं विचारतातच. याचं उत्तर निदान वसईकराला तरी ठाऊक हवं. आपले संत गोन्सालो गार्सिया, ज्यांच्या नावाचं कॉलेज इथे आहे, ते ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारले गेले. १६१४ पासून तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, ती १८७३ पर्यंत उठली नाही. येशू-मरियेच्या प्रतिमा पायाने तुडवायला लावत. न तुडवणारा पकडला जाई. अडीचशे वर्षं जो धर्म 'दुष्ट पंथ' म्हणून सांगितला गेला, त्याची थोडी भीती गोष्टींत मुरणारच. बंदीच्या काळात शिमाबाराला ख्रिस्ती शेतकऱ्यांनी उठाव केला, त्याचा पोरसवदा पुढारी अमाकुसा शिरो तर काही गोष्टींत मेलेला परत उठून मांत्रिक बनून येतो.

आता चिंच. 'हायबाने रेन्मेई' ही योशितोशी आबे यांची २००२ ची मालिका, तेरा भाग. क्रूस शोधून सापडणार नाही. राक्का नावाची मुलगी कोशातून जन्मते. डोक्यावरचं वलय साच्यातून गरम काढलेलं, ते जागेवर ठरतच नाही, घसरतं, मग तारेने बांधून ठेवतात. रात्री पाठ फाडून पंख बाहेर येतात. रक्ताळलेले ते पंख रेकी नावाची मोठी मुलगी रात्रभर बसून धुते. पुढे राक्काच्या पंखांवर काळे डाग येतात आणि ती कुणाला दिसू नयेत म्हणून कात्रीने पिसं कापत बसते. इथे मी व्हिडिओ थांबवते आणि विचारते, पापनिवेदनाच्या आदल्या रात्री आपण काय करतो? वर्गात कुणी बोलत नाही. नंतर राक्काला एक कोडं घातलं जातं, आपलं पाप ओळखणाऱ्याला पाप नसतं, मग तू पापी आहेस का? 'हो' म्हटलं तरी फसलात, 'नाही' म्हटलं तरी. हे पंख आणि हे वलय काढलं तर गोष्टच उरत नाही.

'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड' या मालिकेतली सात पापं कोथिंबीर आणि चिंच यांच्या मधल्या जातीची. हिंदू मित्रांना षड्रिपू सांगितले की अर्धं काम होतं. फक्त एवढं बघा की 'फादर' नावाचा खलनायक स्वतःतली सातही पापं बाहेर काढून टाकतो, आणि तरी शेवटी सगळ्यांत भयंकर तोच.

लहान पोरांना यातलं काहीही एकट्याने बघू देऊ नका. इव्हँजेलियनचे शेवटचे भाग आणि हायबानेमधली रेकी, दोन्ही मनावर बसतात.

मागच्या बाकावरच्या पोराने परवा वही दिली. वसई स्टेशनबाहेरच्या एका रिक्षाचं चित्र काढलंय, काचेवर क्रूस, ॐ आणि ७८६, तिन्ही ओळीने. खाली लिहिलंय, "कोथिंबीर?" मी लाल शाईने लिहून परत दिली, "रिक्षावाल्याला विचार."