ओटीतून ओआरमध्ये: नवीन आलेल्यांसाठी

तिकडे भारतात ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, दहा वर्षं काढली म्हणून इथे अमेरिकेत ओआरमध्ये (ऑपरेटिंग रूममध्ये) लगेच हत्यारांची ट्रॉली लावायला उभं करतील, या भ्रमात राहू नका. मीही होतो. सीएसटीच्या, म्हणजे सर्टिफाइड सर्जिकल टेक्नॉलॉजिस्टच्या (सर्जनला हत्यारं देणाऱ्या तंत्रज्ञाच्या) परीक्षेला तिकडच्या अनुभवावर बसता येत नाही. इथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रमच पुरा करावा लागतो, आणि ती मान्यता सीएएएचईपी किंवा एबीएचईएस यांपैकी एका संस्थेची लागते. फी भरण्याआधी एवढं तपासाच.

वर्गातला अभ्यास जमून जाईल. खरी कसोटी हाताची. क्लिनिकलमध्ये, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणात, १२० केसेस वहीत भरायच्या, त्यांतल्या ८० पहिल्या स्क्रबच्या, म्हणजे सर्जनजवळच्या मुख्य मदतनिसाच्या भूमिकेत. म्हणजे सामान तपासणं, टेबल लावणं, काउंट (सामानाची मोजणी), इन्स्ट्रुमेंट देणं, सगळं तुम्हीच. जखम उघडी धरणारा रिट्रॅक्टर नुसता धरून उभे राहिलात तर ती केस त्या ८० मध्ये धरत नाहीत. मी सुरुवातीला संकोचून मागे उभा राहिलो आणि महिनाअखेरीला वही कोरडीच.

मग भाषेची गंमत. इंग्रजी येतं हो आपल्याला, पण हे इंग्रजी वेगळं. रक्त टिपायचा आपला मॉप इथे लॅप. नीडल होल्डर म्हणजे नीडल ड्रायव्हर. साधा फोर्सेप्स, म्हणजे चिमटा, मागताना ‘पिकअप्स’ म्हणतात. कॉटरीला, म्हणजे विजेने कापून रक्त थांबवणाऱ्या यंत्राला, बोव्ही म्हणतात; १९२६ साली बॉस्टनला सर्जन हार्वी कुशिंगनी ज्यांचं यंत्र पहिल्यांदा वापरलं, त्या बोव्हींचं नाव अजून चिकटून आहे. ‘स्टिक टाय’ ऐकून मी पहिल्या दिवशी काठी शोधायच्या बेतात होतो! ट्रान्सफिक्सेशनसाठी, म्हणजे रक्तवाहिनीतून टाका घालून ती बांधायला, सुई असलेला धागा हवा होता. अशी शब्दांची जोडवही पहिल्याच आठवड्यात करा.

पण सगळ्यांत अवघड गेलं ते बोलणं. सर्जनसमोर गप्प राहायचं, ही आपली शिकवण. लॅबमध्ये बॅक टेबल (निर्जंतुक हत्यारांचं मोठं टेबल) लावताना माझी बाही मेयो स्टँडच्या, म्हणजे हत्यारांच्या छोट्या स्टँडच्या, खालच्या निर्जंतुक नसलेल्या दांडीला घासली. कोणी पाहिलं नाही असं वाटलं, म्हणून मी काम चालू ठेवलं. शिकवणाऱ्या बाईंनी पाहिलं होतं. दोन मिनिटं थांबून त्यांनी विचारलं, "काही सांगायचं आहे का?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी सगळं टेबल मोडायला लावलं आणि पुन्हा स्क्रब करायला, म्हणजे हात धुवायला, पाठवलं. लगेच बोललो असतो तर नुसती बाही बदलून भागलं असतं. बाही लागली, हातमोजा टोचला, शंका आली, तरी मोठ्याने सांगा. यावरून कोणी ओरडलंच, तर ओरडू द्या.

काउंटही तसाच, मनातल्या मनात नाही. सर्क्युलेटर (टेबलाबाहेरून सामान पुरवणारी नर्स) आणि तुम्ही, दोघांनी एकत्र, दिसेल असं आणि ऐकू येईल असं मोजायचं. लॅप ५ च्या गठ्ठ्यात येतात, रेटेक, म्हणजे छोटे गॉजचे तुकडे, १० च्या. गठ्ठ्यात एक कमी निघाला तर तो पूर्ण गठ्ठाच बाजूला काढायचा, भरपाई करत बसायचं नाही. पोट बंद करताना सर्जन घाई करतात आणि तेव्हाच आपल्याला ‘हो, बरोबर आहे’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. तिथे थांबा.

घरी एक जुना हिमोस्टॅट, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा, ठेवा. डाव्या हाताने उघडायची-मिटायची सवय करा, आणि कुणाच्या तरी तळहातावर कडी नेमकी टेकते का पाहा. देताना ठणकन आवाज आला पाहिजे. माझ्या मुलाचा तळहात आठवडाभर लाल होता.