ब्राम्सचा पहिला पियानो ट्रिओ: या चुका टाळा

जर्मन संगीतकार ब्राम्सचा पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठीचा हा ट्रिओ: ओपस (रचना क्रमांक) ८, बी मेजर. तालमीत तिघंही सुरुवातीची धून झकास वाजवतात आणि पुढे कुठेतरी एकमेकांना सापडेनासे होतात. अशा वेळी आधी तिघांचे पार्ट (आपापल्या वाद्याची छापील पानं) एकाच आवृत्तीचे आहेत ना, ते तपासा. ब्राम्सने हा ट्रिओ विशीत लिहिला आणि तो १८५४ मध्ये छापला गेला. १८८९ मध्ये त्याने तो पुन्हा लिहायला घेतला, ओपस क्रमांक मात्र तोच राहिला. मूळ आवृत्तीच्या पहिल्या भागात चक्क एक फ्यूग (एकच धून एकामागून एक वाद्यं उचलतात अशी रचना) आहे. नव्या आवृत्तीत तो काढला आणि भाग बराच आखूड झाला. सुरुवातीची धून दोन्हीकडे तीच असल्याने घोळ उशिरा लक्षात येतो. वाजवायला १८८९ चीच आवृत्ती घ्या, पण जुनी एकदा ऐकाच. विशीतला ब्राम्स तिच्यात जास्त मोकळा भेटतो.

दुसरी चूक चेलोवादकाची, आणि ती प्रेमापोटी होते. धून इतकी सुंदर आहे की पहिल्याच ओळीत सगळा जीव ओतला जातो. मग व्हायोलिन येऊन तिन्ही वाद्यं भरात येतात, तेव्हा वाढवायला काही उरत नाही. सर्वांत मोठा आवाज कुठे हवा ते आधी ठरवा आणि तिथून उलट मोजत मागे या. लयही रेंगाळू देऊ नका. नव्या आवृत्तीवर ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’ (जलद, जोशात) लिहिलंय. बारमध्ये (लयीच्या एका मापात) चार नव्हे, दोन ठोके धरले की धून आपोआप चालू लागते.

सुरांची अडचण मला सगळ्यांत चिवट वाटते. बी मेजरमध्ये पाच शार्प (अर्ध्या सुराने चढवलेले सूर). चेलोची एकही मोकळी तार या स्केलमध्ये बसत नाही, व्हायोलिनची फक्त ई बसते. त्यामुळे सूर बरोबर लागला की वाद्य जसं गुंजतं, तसा दिलासा इथे फारसा मिळत नाही. त्यात ए शार्प (बीच्या लगेच खालचा सूर) चढा लावायची तंतुवाद्यांची सवय पियानोच्या पट्टीशी भांडते. अडाजिओत, म्हणजे संथ भागात, पियानोचे संथ कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि तंतुवाद्यांचं उत्तर आलटून पालटून येतं, तिथे हे उघडं पडतं. तो भाग काही दिवस व्हिब्राटो (सूर थरथरवणं) न करता, पियानोला कान लावून वाजवा.

पियानोवादकाने खालचे दाट कॉर्ड पेडलमध्ये (पायाने दाबून सूर लांबवण्यात) बुडवू नयेत. चेलो सुरांच्या त्याच पट्ट्यात गातो. बास आणि वरचा सूर ठेवून मधले सूर हलके केले तरी खूप फरक पडतो.

स्केर्झो, म्हणजे चपळ भाग, फार पळवू नका, एवढंच.

शेवटचा भाग बी मायनरमध्ये (मेजरपेक्षा उदास वाटणाऱ्या स्केलमध्ये) सुरू होतो आणि तिथेच संपतो. मेजरमध्ये सुरू झालेली रचना उजेडात संपेल असं गृहीत धरून काही गट शेवटची पानं विजयाच्या थाटात वाजवतात. तसं करू नका. तिथे वेग वाढू द्या, पण आवाजातला काळोख आणि अस्वस्थता शेवटच्या कॉर्डपर्यंत सोडू नका.