मागच्या फळीचा बेकायदा ब्लॉक पंचाने कसा पकडावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या तालुका-जिल्हा पातळीवरच्या व्हॉलीबॉल सामन्यांत नेट टच झाला की सगळं मैदान ओरडतं. मागच्या फळीतल्या खेळाडूने ब्लॉक केला तर बहुतेक वेळा कुणालाच कळत नाही आणि फुकटचा गुण चुकीच्या संघाच्या नावावर चढतो. आपल्याकडे गावातल्या संध्याकाळच्या खेळात रोटेशन, म्हणजे सर्व्हिस परत मिळाली की सगळ्यांनी एकेक जागा फिरणं, फारसं कुणी पाळत नाही, उंच पोरगा कायम जाळीलाच उभा असतो. तीच सवय घेऊन मुलं शालेय स्पर्धेत उतरतात. म्हणून ही चूक इथल्या पंचाला नीट पकडता यायलाच हवी.

आधी नियम पक्का करा. खेळाडू मागच्या फळीतला आहे, म्हणजे १, ६ किंवा ५ नंबरच्या जागेवरचा. तो जाळीजवळ आहे आणि बॉलला स्पर्श होताना त्याच्या शरीराचा काही भाग जाळीच्या वरच्या कडेपेक्षा उंच आहे. आणि समोरून आलेला बॉल त्याला, किंवा त्याच्यासोबत ब्लॉक करणाऱ्याला, लागला आहे. हे सगळं एकत्र आलं तरच चूक. बॉल किती उंचीवर लागला याला इथे महत्त्व नाही. हात टेपच्या, म्हणजे जाळीच्या वरच्या पट्टीच्या, वर असताना बॉल कोपराला लागला तरी तो ब्लॉकच. नुसती उडी मारली, बॉल लागलाच नाही, तर शिट्टी नाही. लिबेरोला, म्हणजे फक्त मागे बचाव करणाऱ्या खास खेळाडूला, मात्र ही सवलत नाही, त्याने ब्लॉकचा प्रयत्न केला तरी चूक.

पहिली पायरी सामन्याआधीची. जाळी मधोमध मोजा. वरिष्ठ पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४; वयोगटाच्या स्पर्धेत त्या गटाची उंची. दोन्ही बाजूरेषांवर उंची सारखी हवी आणि ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त नको. काळ्या मातीच्या मैदानावर खांब जरा कलला की जाळी मधे झोळते, आणि मग हात टेपच्या वर होता की खाली, यावर तुमचा निर्णय कधीच ठाम राहत नाही. ढिली जाळी ताणून घेतल्याशिवाय सामना सुरू करू नका.

दुसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे: प्रत्येक सर्व्हिसच्या आधी मागची फळी डोक्यात तयार ठेवायची. उडी दिसल्यावर ‘हा पुढचा की मागचा’ असा विचार सुरू केला की उशीर झालाच. सहाही खेळाडू दर वेळी मोजत बसायची गरज नाही. दोन्ही संघांचा सेटर, म्हणजे मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा, तेवढा धरा. तो मागे असेल तर धोका, पुढे असेल तर बराचसा निवांतपणा. पुढच्या फळीतल्या २ वरून मागे १ वर येऊन तो सर्व्हिस करायला गेला, की पुढची तीन रोटेशन तो मागचाच.

एक सोपी खूणही आहे. रोटेशनची एक फेरी चालू झाली की संघात शेवटी सर्व्हिस केलेले तीन जण हीच त्या संघाची मागची फळी असते. आत्ताचा किंवा शेवटचा सर्व्हर १ वर, त्याच्या आधीचा ६ वर, त्याच्याही आधीचा ५ वर. सर्व्हिस घेणाऱ्या संघालाही हे लागू पडतं, कारण सर्व्हिस परत जिंकेपर्यंत ते फिरत नाहीत. सेटच्या सुरुवातीला मात्र ही खूण चालत नाही, तेव्हा लाइनअपची, म्हणजे सुरुवातीच्या जागांची, चिठ्ठी बघा. बदली खेळाडू किंवा लिबेरो आत आला, तर तो कुणाच्या जागी आला ते लगेच मनात नोंदवा.

तिसरी पायरी, उभं राहणं. दुसऱ्या पंचाने रॅली सुरू झाल्यावर ब्लॉक करणाऱ्या संघाच्या बाजूला सरकावं आणि बॉलचा पाठलाग न करता जाळीवरचे हात बघावेत. पहिल्या पंचाची नजर जाळीच्या सुमारे ५० सेंटिमीटर वर असते, त्यामुळे टेपची कड त्याला चांगली दिसते. ही चूक दोघांपैकी कुणीही देऊ शकतो.

आता खरी अवघड जागा. रिसेप्शन, म्हणजे समोरची सर्व्हिस उचलून दिलेला बॉल, जाळीला चिकटून येतं, मागचा सेटर एका हाताने बॉल मागे ओढायला उडी मारतो आणि समोरचा खेळाडू त्याच क्षणी तिथे पोहोचतो. समोरच्याने आपल्या बाजूला आलेला बॉल मारला आणि तो टेपच्या वर असलेल्या सेटरच्या हाताला लागला, तर ब्लॉकची चूक. सेटरचा इरादा ब्लॉकचा नव्हता, असं प्रशिक्षक सांगतील. नियम इरादा विचारत नाही. सेटर सरळ बाजूला सेट देत असताना समोरच्याने जाळीवरून हात घालून बॉल अडवला, तर चूक समोरच्याची. म्हणून आधी कुणाचा स्पर्श झाला आणि बॉल कुणाच्या बाजूला होता, हे बघा. सेटरचे हात टेपच्या खाली असतील तर तो ब्लॉक नाही, संघाचा पहिला स्पर्श धरा आणि खेळ चालू ठेवा.

दुसरी फसवी जागा दुहेरी ब्लॉकची. पुढचा आणि मागचा शेजारी-शेजारी उडाले, दोघांचेही हात टेपच्या वर, बॉल फक्त पुढच्याला लागला. तरीही चूक, कारण मागच्याने पूर्ण झालेल्या ब्लॉकमध्ये भाग घेतला. नवे पंच इथे हमखास चुकतात.

शिट्टी दिल्यावर दोन्ही हात सरळ वर, तळवे पुढे, मग खेळाडू दाखवा. खुलासा फक्त कर्णधाराला द्या, तोही एका वाक्यात: “भाऊ, सात नंबर मागचा, हात टेपच्या वर, बॉल लागला.” यातलं एक जरी तुम्ही पाहिलं नसेल तर शिट्टी वाजवायची नाही.

सराव करायला स्पर्धेची वाट बघू नका. अमळनेर, शिरपूर, शहादा, कुठेही संध्याकाळी रोटेशन पाळून खेळणारे संघ असतील तिथे खांबाजवळ उभे राहा. शिट्टी खिशातच ठेवा आणि प्रत्येक सर्व्हिसआधी दोन्ही सेटरबद्दल स्वतःशी म्हणा, “हा पुढे, तो मागे.” सेट संपेपर्यंत हे न अडखळता जमलं की मग नजर हातांवर न्या.