मधुमेही पायाची जखम: पट्टीच्या आधी आणि पट्टीनंतरचं काम

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळव्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा मलम चुकलेलं असतं असं क्वचितच होतं. तो माणूस त्याच जखमेवर पाय देऊन चालत असतो. पाय बधिर असल्याने दुखत नाही, दुखत नाही म्हणून तो लंगडत नाही, आणि दिवसभरात हजारो पावलं जखमेवरच पडतात. रोज पट्टी बदलली आणि भार तसाच ठेवला, तर उपचार अर्धवटच राहतो. पुढची पद्धत ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या टीमसाठी आहे: मेडिकल ऑफिसर, सर्जन, स्टाफ नर्स, ड्रेसर, फिजिओथेरपिस्ट आणि गावातली आशा.

पहिल्या भेटीत

दोन्ही पाय उघडे करून पाहा; तक्रार एकाच पायाची असली तरी. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, घट्टे, घट्ट झालेली जोडवी, सगळं बघायचं. चपलेत हात घालून आतून चाचपा. खिळ्याचं टोक किंवा खडा बऱ्याचदा तिथेच सापडतो.

बधिरपणा १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तारेने, तपासतात. आधी रुग्णाच्या हाताला टेकवून स्पर्श कसा लागतो ते दाखवा, मग डोळे मिटायला सांगा. अंगठ्याचं टोक आणि चवड्यावर पहिल्या व पाचव्या बोटाच्या बुडाशी तार काटकोनात टेकवून ती वाकेपर्यंत, साधारण दोन सेकंद, दाबा. प्रत्येक जागी तीनदा विचारा, त्यात एकदा न टेकवताच. तीनपैकी दोन उत्तरं चुकली तर ती जागा बधिर समजा. घट्ट्यावर तपासू नका, तिथे निरोगी माणसालाही कळत नाही. दहा जणांना तपासल्यावर तारेला २४ तास विश्रांती द्या, नाहीतर ती मऊ पडते, कमी दाबाला वाकते आणि चांगला पाय बधिर ठरतो.

पायाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची अशा दोन्ही नाड्या बघा. हातात धरायचा डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) असेल तर घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब काढा. ०.९ पेक्षा कमी म्हणजे रक्तपुरवठा अपुरा. पण १.३ च्या वर आला तर खूश होऊ नका: मधुमेहात रक्तवाहिन्या चुन्याने कडक होतात आणि आकडा खोटा चांगला येतो. घोट्याचा दाब ५० मि.मी.पेक्षा कमी किंवा बोटाचा ३० पेक्षा कमी असेल, तर रुग्णाला तातडीने रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवा. सुकं, काळं पडलेलं बोट रक्तपुरवठा तपासल्याशिवाय कापू नका. कापलेली जागाच भरत नाही आणि मग वर वर कापत जावं लागतं.

जंतुसंसर्ग आहे की नाही

सूज, जखमेभोवती अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त लाली, ऊब, दुखणं, पू यांपैकी दोन गोष्टी असतील तर संसर्ग आहे. लाली २ सेंटिमीटरच्या आत आणि फक्त वरच्या थरात असेल तर सौम्य. त्यापलीकडे किंवा खोल गेला तर मध्यम. त्याबरोबर ताप ३८ अंशांच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली, यांतलं दोन काही असेल तर तो गंभीर. अशा रुग्णाला त्याच दिवशी भरती करा. लालीची कड पेनने आखून वेळ लिहा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला लाली वाढली की नाही ते कळेल.

संसर्ग नसेल तर अँटिबायोटिक देऊ नका. जखम त्याने लवकर भरत नाही, जंतू मात्र निगरगट्ट होतात. असेल तर मऊ भागासाठी १ ते २ आठवडे. नमुना मेलेला भाग काढून, सलाइनने धुतल्यावर, तळाचा तुकडा घेऊन पाठवा. वरवर फिरवलेल्या बोळ्यात फक्त कातडीवरचे जंतू येतात.

प्रत्येक खोल जखमेत निर्जंतुक धातूची सळई हलकेच घाला. टोकाला दगडासारखं कडक, खरखरीत लागलं तर हाड गाठलं, आणि हाडात जंतू असण्याची शक्यता बरीच वाढली. एक्स-रे काढाच, पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो स्वच्छ दिसू शकतो, म्हणून पुन्हा काढावा लागतो. हाड न काढता उपचार करायचे तर अँटिबायोटिक साधारण ६ आठवडे.

जखम नाही, पण पाय लाल, सुजलेला, दुसऱ्यापेक्षा २ अंशांहून जास्त गरम, असा रुग्ण आला तर फक्त अँटिबायोटिक लिहून घरी पाठवू नका. तो शार्को पाय, म्हणजे बधिर पायाची हाडं-सांधे कमकुवत होऊन मोडण्याचा विकार, असू शकतो. अशा पायावर चालू दिलं तर हाडं ढासळतात.

भार काढणं

याला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो आणि हेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. चवड्याखालच्या जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं प्लास्टर उत्तम. काढता येणारा बूट दिला की माणूस तो घरात काढून ठेवतो. असा बूट पट्टीने गुंडाळून पक्का केला तर तोच जवळजवळ प्लास्टरचं काम करतो. पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांत बघा, कारण सूज उतरली की ते ढिलं होऊन घासतं. नंतर दर एक-दोन आठवड्यांनी बदला. दुसऱ्या पायाच्या चपलेला उंची द्या, नाहीतर कंबर दुखते आणि रुग्ण प्लास्टर कापून टाकतो. गंभीर संसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची मोठी अडचण असेल तर आधी ती सोडवा, मग प्लास्टर.

बधिर पायाला दाबाने जखमा होतात हे वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना दाखवलं. एम.सी.आर.ची (मायक्रोसेल्युलर रबर) मऊ चप्पल आपल्याकडे त्याच कामातून रुजली आहे. मागे पट्टा असलेली ती चप्पल जिल्ह्याच्या कुष्ठरोग कार्यालयाला माहीत असते, म्हणून तिथे विचारा.

पट्टी आणि घट्टा

नाड्या चांगल्या असतील तर दर आठवड्याला घट्टा तासून काढा: १५ नंबरचं ब्लेड कातडीला समांतर धरून, पातळ पापुद्रे, कड मऊ लागेपर्यंत. मेणासारख्या घट्ट्याखाली जांभळट-काळा डाग दिसला तर आत रक्त साकळलं आहे. उघडल्यावर बहुधा जखम निघते.

जखम सलाइनने धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, नवी ऊतीही त्याने जळते. ओल धरणारी, पण भोवतीची कातडी भिजू न देणारी पट्टी घ्या. दर आठवड्याला लांबी आणि रुंदी मोजा. ३ गुणिले २ म्हणजे ६ चौरस सेंटिमीटरची जखम चार आठवड्यांत ३ च्या आत यायला हवी. आली नाही तर मलम बदलत बसू नका; भार, रक्तपुरवठा, हाड आणि साखर याच क्रमाने पुन्हा तपासा.

कोणी काय करायचं

प्रत्येक फाइलवर एका माणसाचं नाव लिहा, तारीख चुकली की फोन करणारा तोच. बहुधा ही स्टाफ नर्स असते. भरती रुग्णाची साखर १४० ते १८० मध्ये ठेवणं फिजिशियनचं काम. प्लास्टर आणि चप्पल फिजिओथेरपिस्टकडे. आशाताईने घरी काय बघायचं ते कागदावर द्या: प्लास्टरला वास, ताप, नवी लाली. यातलं काही दिसलं तर १०८.

घरच्यांना हे समोर बसवून सांगा: गरम पाण्यात पाय बुडवायचा नाही, शेकायचं नाही, ब्लेडने भोवरी कापायची नाही, जखमेवर हळद किंवा तंबाखू भरायची नाही. उन्हात तापलेल्या देवळाच्या आवारात अनवाणी गेल्याने पाय पोळतात आणि कळतही नाही. देवळात जायचंच असेल तर पहाटे, सुती मोजे घालून. वारी अनवाणी नाही.

जखम भरली तरी फाइल बंद करू नका. भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते. म्हणून दर १ ते ३ महिन्यांनी पाय बघायला बोलवा आणि पुढची तारीख रुग्ण समोर असतानाच लिहा.