जुन्या स्पोर्ट बाईकला दुसऱ्या मॉडेलचं चाक नि स्विंगआर्म लावताय? या चुका टाळा

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत अजून बऱ्याच जणांकडे जुनी आर१५, करिझ्मा, पल्सर २२० जिवापाड सांभाळलेली आहे आणि मागचं टायर बारीक दिसतं म्हणून जाड चाक टाकायची हौस पण आहे. चांगलीच हौस आहे, नीट केलं तर गाडी खरंच भारी होते. पण होतं काय, कोल्हापूर नाहीतर कुर्ल्याच्या भंगारात चाक स्वस्तात दिसतं, लोक उचलून आणतात आणि मग ते कसंही करून बसव म्हणून मेस्त्रीच्या मागे लागतात. आधी माप, मग खरेदी, एवढं जरी पाळलं तरी पुढचा अर्धा त्रास वाचतो.

नुसतं चाक घेऊ नका

सगळ्यात जास्त होणारी अदलाबदल म्हणजे २००८ च्या आर१५ व्ही वनला (पहिली आवृत्ती) २०११ च्या व्ही टूचं (दुसरी आवृत्ती) मागचं अंग. व्ही वनला मागे १००/८०-१७ टायर (पहिला आकडा म्हणजे मिमीमध्ये रुंदी) आणि लोखंडी स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा आर्म), व्ही टूला १३०/७०-१७ टायर आणि अॅल्युमिनियमचा आर्म. टायर ३० मिमी रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी १५-१५ मिमी बाहेर येणार आणि जुन्या आर्ममध्ये चेनच्या बाजूला घासणार. बरं आर्मसकट घेतलं तर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १२९० मिमीचा १३४५ होतो, म्हणजे जुनी चेन आखूड पडते. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) पण ४२ चं ४७ दात झालेलं आहे आणि ते उगाच नाही. टायरचा व्यास साधारण ५९२ वरून ६१४ मिमीवर जातो, त्यामुळे जुनं ४२ चं स्प्रॉकेट ठेवलं तर गिअरिंग जवळजवळ ४ टक्के लांब होतं आणि डबल सीट कुंभार्ली घाट चढताना गाडी दम टाकते.

म्हणून एकाच गाडीतून निघालेला पूर्ण सेट घ्या, म्हणजे आर्म, लिंकेज (आर्म आणि शॉकअप जोडणारे दांडे), शॉकअप, चाक, एक्सल (चाकाचा आस), दोन्ही बाजूंचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या कड्या), कॅलिपरचा (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकचा) ब्रॅकेट, स्प्रॉकेटचा कॅरियर (स्प्रॉकेट ज्यावर बसतं तो भाग) आणि त्यातले रबर, आर्मवरची चेन घासते ती रबराची पट्टी सुद्धा. ती पट्टी नसेल तर चेन अॅल्युमिनियम कापत जाते आणि वरून कळत पण नाही. लिंकेज जुनंच ठेवून लांब आर्म लावला तर शॉकअपवर तरफ वाढते, मागची बाजू मऊ पडते, मग लोक प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण) आवळत बसतात आणि गाडी खड्ड्यात आपटते ती आपटतेच.

बोल्ट आरपार गेला म्हणून खूश होऊ नका

पिव्होटचा, म्हणजे आर्म फ्रेमला ज्यावर फिरतो तो, बोल्ट जाणं ही फक्त सुरुवात आहे. आर्मच्या आत जो कॉलर (बोल्टवरची आतली नळी) असतो तो आर्मच्या नळीपेक्षा किंचित लांब असायला हवा, म्हणजे नट आवळल्यावर फ्रेम कॉलरला धरते आणि आर्म मोकळा फिरतो. कॉलर आखूड असेल तर नट आवळला की आर्म जाम, आणि जाम नको म्हणून नट ढिला ठेवला की वळणात मागचं चाक पोहतं. फटीत वॉशरवर वॉशर भरणं बंद करा, व्हर्निअरने माप घ्या आणि लेथवर एक सलग स्पेसर टर्निंग करून घ्या, खर्च फार नाही. तपासायचं कसं? शॉकअप आणि चेन न लावता, नट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळून आर्म वर उचला आणि सोडा, तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यायला हवा आणि आडवा अजिबात हलता कामा नये. आणि हो, काही गाड्यांत हा बोल्ट इंजिनमधूनही जातो, तो काढण्याआधी इंजिनला खालून आधार द्या.

बेरिंगवरचा नंबर वाचा

एक्सल जाड-बारीक निघाला की बेरिंगमध्ये पत्र्याची बुश घालतात, हे अजिबात नको. बेरिंगच्या नंबरात उत्तर असतं. शेवटचे आकडे ०२ म्हणजे आतलं भोक १५ मिमी, ०३ म्हणजे १७, ०४ म्हणजे २०. ६३०२ चं माप (आतलं भोक × बाहेरचा व्यास × जाडी, मिमीमध्ये) १५×४२×१३ आणि ६००४ चं २०×४२×१२, म्हणजे बाहेरून दोन्ही सारखीच, हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) तीच जागा. फक्त जाडीत १ मिमीचा फरक आहे, तेवढे बाहेरचे स्पेसर वाढवावे लागतात. दोन बेरिंगच्या मधली नळी मात्र कधीच विसरू नका, ती नसली की एक्सल आवळताना बेरिंग आतल्या आत दाबली जातात आणि थोड्याच दिवसांत चाक घरघरायला लागतं.

आधी चाक मध्यावर, मग चेन

इथे चांगले चांगले मेस्त्री पण उलटं करतात. चेन सरळ यावी म्हणून चाकच बाजूला सरकवतात, मग गाडी हायवेला हात सोडला की एका बाजूला ओढते. चाक फ्रेमच्या मध्यावर बसवा, मागच्या टायरपासून पुढच्या टायरपर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणून बघा, त्यानंतर स्प्रॉकेट किती आत-बाहेर हवं ते ठरवा आणि ते कॅरियरवर करून घ्या. आर्मवरच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. चेन ४२८ नंबरच्या मापाची असेल तर दोन्ही स्प्रॉकेट ४२८ ची, ५२० ची असेल तर दोन्ही ५२० ची, मधला मार्ग नाही.

डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध हवी आणि कॅलिपरचा ब्रॅकेट आर्मच्या खाचेत पक्का अडकलेला हवा. ड्रम असेल तर टॉर्क रॉड (ब्रेक लागताना ड्रमची प्लेट फिरू न देणारी सळई) हवाच, वायरने बांधलेला नको, आंबोली उतरताना तुमचा जीव त्या एका रॉडवर असतो.

वेल्डिंग आणि खारं पाणी

शॉकअपचा कान (शॉकअपचा बोल्ट जिथे बसतो ती जागा) दोन सेंटिमीटर सरकवायचा म्हणून अॅल्युमिनियमच्या आर्मला वेल्डिंग करू नका, तापलेल्या जागेची ताकद जाते. आणि आपल्या किनाऱ्यावर अॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट कोरडा बसवला तर खाऱ्या हवेने तो असा धरतो की हातोड्याने पण निघत नाही. ग्रीस लावूनच बसवा, आणि भाट्ये बीच किंवा दाभोळच्या फेरीबोटीवरून आलात की पिव्होट आणि लिंकेजवर गोडं पाणी मारा.

कागदाचं पण बघा, व्हीलबेस आरसीवर लिहिलेला असतो आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले नेमकं हेच काढतात. ज्यांना रोज रस्त्यावर चालवायचीय त्यांनी त्याच मॉडेलचा चांगल्या हालतीतला जुना सेट शोधावा, माझं स्पष्ट मत आहे.

सगळं बसलं की शॉकअप काढून चाक हाताने पूर्ण वर नेऊन बघा, टायर मडगार्डला लागतं का. चेनचा ढिलेपणा पिव्होट, एक्सल आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येतं तिथे तपासा, कारण तिथे ती सगळ्यात ताणलेली असते. पहिली फेरी घाटात नको, सपाटीवर थोडं फिरून या, सगळे नट परत बघा आणि टायरच्या बाजूला किंवा चेन गार्डच्या आत कुठे घासल्याची चमकती रेघ दिसली तर गाडी तिथेच थांबवा.